कोक-सागिझ : एका पहाडी डँडेलियनची कुळकथा

कझाकस्तानच्या आग्नेय टोकाला, चीनच्या सीमेलगत, तिआन शान पर्वताच्या रांगांमध्ये तेकेस, केगेन आणि सारीजाझ यांची उंचावरची खोरी आहेत. समुद्रसपाटीपासून साधारण १८०० ते २१०० मीटर उंचीवरील तिथल्या ओलसर, किंचित खारवट कुरणांत जमिनीसरशी पसरलेल्या करड्या-हिरव्या पानांची आणि पिवळ्या फुलांची एक बुटकी वनस्पती उगवते. कझाक पशुपालक तिची मुळे उपटून चघळीत, कारण चघळता चघळता मुळाचा चोथा निघून जाई आणि तोंडात एक चिवट, ताणला जाणारा गोळा शिल्लक राही. या सवयीतूनच वनस्पतीला नाव मिळाले : कझाक भाषेत ‘कोक’ म्हणजे निळा किंवा हिरवा, कारण या दोन्ही छटांना तिथे एकच शब्द चालतो, आणि ‘सागिझ’ म्हणजे चघळण्याचा डिंक. आजच्या कझाक बोलीत दुकानातल्या च्युइंगमलाही ‘सागिझ’च म्हणतात.

ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुलातील टॅरॅक्सॅकम या प्रजातीत मोडते. प्रजाती म्हणजे जवळच्या नात्यातील अनेक जातींचा गट, आणि या गटातील जातींना युरोपात डँडेलियन या नावाने ओळखतात. फ्रेंच भाषेत ‘सिंहाचा दात’ असा अर्थ असलेल्या शब्दांवरून, पानांच्या दातेरी कडांमुळे, हे लोकनाम पडले. टॅरॅक्सॅकम हे शास्त्रीय नाव मात्र पूर्वेकडचे आहे. एका कडू पालेभाजीचे मूळचे फारसी नाव अरबी वैद्यकग्रंथांत शिरले, तिथून मध्ययुगीन लॅटिन भाषांतरांत गेले आणि अखेर वनस्पतिशास्त्रात स्थिरावले. महाराष्ट्रातील शेताच्या बांधावर उगवणारी पाथरी ही याच गोतातील दूरची बहीण होय. पाथरीचे पान तोडल्यावर जो पांढरा चीक ओघळतो, त्याच जातीचा चीक डँडेलियनच्या मुळातही असतो, आणि बहुतेक सर्व डँडेलियनांच्या चिकात रबराचा थोडासा अंश आढळतो. कोक-सागिझचे वेगळेपण या अंशाच्या प्रमाणात आहे, कारण तिच्या वाळलेल्या मुळात रबराचे प्रमाण कित्येक टक्क्यांपर्यंत जाते आणि ते रबर गुणाने ब्राझीलच्या रबरवृक्षाच्या रबराशी बरोबरी करते.

या गुणाकडे विज्ञानाचे लक्ष वळले ते गरजेपोटी. १९२०च्या दशकाच्या अखेरीस जगातील बहुतेक नैसर्गिक रबर ब्रिटिश आणि डच वसाहतींच्या मळ्यांतून येत होते, आणि थंड हवेच्या सोव्हिएत संघात रबरवृक्ष जगण्याची शक्यता नव्हती. म्हणून स्वतःच्या भूमीवरच्या, चीक असलेल्या वनस्पतींचा शोध तिथे सरकारी पातळीवर सुरू झाला. १९२९ मध्ये कझाकस्तानातील कारातौ डोंगरांत ‘तौ-सागिझ’, म्हणजे ‘डोंगरी डिंक’, ही वनस्पती सापडली आणि पाठोपाठ १९३०च्या दशकाच्या आरंभी तिआन शानमध्ये कोक-सागिझ हाती लागली. दोन्ही वेळी वाट दाखवली ती स्थानिक लोकांच्या चघळण्याच्या सवयीने, आणि या श्रेयाचा उल्लेख सामान्यतः जितका होतो त्याहून ठळकपणे व्हायला हवा. पुढे क्रिमियातील एका डँडेलियनला ‘क्रिम-सागिझ’ म्हटले गेले, तेव्हा कुरणातला एक कझाक शब्द संपूर्ण रबर-उद्योगाची परिभाषा बनला होता.

वनस्पती सापडणे आणि जाती म्हणून तिची नोंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या जातीचे वर्णन करणाऱ्याला ती सर्व ज्ञात जातींहून कशी वेगळी आहे हे नेमक्या शब्दांत मांडावे लागते, दोन पदांचे नाव द्यावे लागते आणि ज्या नमुन्यावर ते नाव कायमचे बांधलेले राहील तो वाळवलेला नमुना संग्रहात जपावा लागतो. हे काम लिओनिद रोदिन या सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञाने केले, आणि १९३३ मध्ये ‘टॅरॅक्सॅकम कोक-सागिझ’ हे नाव प्रसिद्ध झाले. कझाक लोकनाम जसेच्या तसे शास्त्रीय नावाचे दुसरे पद झाले. ओळखीची एक खूण तिच्या कळीखाली असते. डँडेलियनचे ‘फूल’ म्हणजे वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ असून त्याला खालून हिरव्या, पानासारख्या छदांचे वेष्टन असते. कोक-सागिझच्या छदांच्या टोकांजवळ ठळक, शिंगासारखे उंचवटे असतात.

इतक्या बारीक खुणेवर विसंबण्याची पाळी यावी याचे कारण या प्रजातीच्या स्वभावात आहे. १९०३ मध्ये डेन्मार्कमधील क्रिस्टेन राउनकीर यांनी न उमललेल्या कळ्यांचा वरचा भाग छाटून परागकोश आणि कुक्षी दोन्ही काढून टाकले, तरीही खालच्या भागात बी धरले. सामान्य डँडेलियनमध्ये फलनाशिवायच बी तयार होते आणि प्रत्येक रोप आईची हुबेहूब प्रत असते, हे त्यातून सिद्ध झाले. अशा रोपांत गुणसूत्रांचे बहुधा तीन संच, एकूण २४ गुणसूत्रे असतात, आणि अशी प्रत्येक वंशरेषा आपापल्या किरकोळ खुणा पिढ्यान्‌पिढ्या जपत असल्यामुळे अभ्यासकांनी या प्रजातीत दोन हजारांहून अधिक ‘सूक्ष्मजाती’ नोंदवल्या आहेत. कोक-सागिझ या गर्दीत वेगळी ठरते. तिच्यात दोनच संच, म्हणजे १६ गुणसूत्रे असतात, तिला बी धरण्यासाठी दुसऱ्या रोपाचे पराग लागतात, आणि म्हणून तिचे प्रत्येक रोप थोडे निराळे असते.

वर्णनानंतर दहा वर्षांच्या आत ही वनस्पती युद्धसामग्री बनली. १९४१ पर्यंत सोव्हिएत संघात तिची लागवड सुमारे ६७,००० हेक्टरांवर गेली होती. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज जिंकल्यावर मित्रराष्ट्रांचा रबराचा मुख्य पुरवठा तुटला, तेव्हा सोव्हिएत बियाणे अमेरिकेत पोचले आणि तिथे अनेक राज्यांत त्याची चाचणी झाली. जर्मन सैन्याने जिंकलेल्या प्रदेशातून हेच पीक नाझी राजवटीच्या हाती गेले, आणि आउश्विट्झच्या राइस्को उपछावणीत बंदिवान स्त्रियांना, ज्यांत शिक्षित वनस्पतिशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञही होत्या, कोक-सागिझवरील संशोधनासाठी राबवले गेले. या वनस्पतीचा कोणताही इतिहास हे पान वगळून लिहिता येणार नाही.

युद्धानंतर आशियातील मळ्यांचे रबर पुन्हा मिळू लागले, कृत्रिम रबर स्वस्त झाले, आणि १९५०च्या दशकात लागवड थांबली. बियाणे मात्र वनस्पती उद्यानांच्या देवघेवीतून ‘कोक-सागिझ’ या चिठ्ठीसह देशोदेशी फिरत राहिले. नव्या शतकात रबरवृक्षाला पर्याय शोधताना अनेक प्रयोगशाळांनी हेच बियाणे पेरले. २०१३ मध्ये यान किर्श्नर आणि यान श्तेपानेक या चेक अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की उद्यानांतून मिळणारी ही बहुतेक रोपे कोक-सागिझ नसून तिच्यासारखीच दिसणारी, रबराच्या दृष्टीने गरीब असलेली ‘टॅरॅक्सॅकम ब्रेव्हिकॉर्निक्युलॅटम’ आहे. या लॅटिन पदाचा अर्थच ‘आखूड शिंगांची’ असा आहे, म्हणजे फरक नावातच लिहिलेला होता. ही आखूड शिंगांची जाती तीन संचांची असून फलनाशिवाय बी धरते. कोक-सागिझला जोडीदार रोप लागते आणि हिला लागत नाही, त्यामुळे थोडक्या रोपांवर बियाणे राखणाऱ्या वाफ्यात कालांतराने कोणती टिकणार हे उघड आहे. कोक-सागिझचे म्हणून छापलेले कित्येक निष्कर्ष त्यामुळे दुसऱ्याच वनस्पतीचे ठरले. वर्गीकरणाला जुनाट, संग्रहालयी विद्या समजून बाजूला सारण्याची किंमत इतक्या स्पष्टपणे क्वचितच मोजावी लागली असेल.

त्याआधीच, २००८ मध्ये, अमेरिकन संशोधकांनी कझाकस्तानातील मूळ अधिवासात जाऊन ताजे बियाणे गोळा केले होते, आणि पुढच्या पैदाशीला अशा अस्सल बियाण्याचा आधार मिळाला. जर्मनीत काँटिनेंटल कंपनीने २०१८ मध्ये आन्क्लाम येथे डँडेलियन-रबरासाठी प्रयोगशाळा उघडली आणि त्या रबराचा सायकलचा टायर बाजारात आणला. रबरवृक्षाला पहिला चीक देण्यास सहा-सात वर्षे लागतात, तर कोक-सागिझची मुळे वर्षभरात काढता येतात, हे तिचे मोठे बळ आहे. मुळांचा लहान आकार आणि तणापुढे लवकर हार खाणारी रोपे ही तिची दुबळी बाजू. पैदाशीच्या वाफ्यात रोपाची पारख अजूनही कळीपासूनच सुरू होते. छदांच्या टोकांवरची शिंगे पाहिली जातात, आणि तरीही शंका उरलीच तर मुळाच्या टोकातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरून गुणसूत्रे मोजली जातात : सोळा की चोवीस.