वीस सेकंद आणि ओंजळभर पाणी

साथीच्या इतिहासात मृत्यूंचे आकडे असतात, सरकारी आदेश असतात, औषधांची नावे असतात. त्या दिवसांत लोक कशावर हसले, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवत नाही. मार्च 2020 नंतरचे महिने आठवून पाहा. त्या भीतीच्या दिवसांत आपल्याला हसवले ते हात धुण्यानेच.

फोन लावावा तर आधी खोकला ऐकू येई, मग हात धुण्याचा उपदेश. साबणाने किमान वीस सेकंद! परदेशात वाढदिवसाचे गाणे दोनदा म्हणून ही वेळ मोजत. आपल्याकडे कुणी अंक मोजले, कुणी पाढे म्हटले. खरकट्या हाताने उघडलेली तोटी धुतलेल्या हाताने बंद करावी, की पुन्हा हात धुवावेत, हा घरोघरी वादाचा विषय झाला. कांदे-बटाट्यांनाही आंघोळ घडली. पाच वक्त वुजू करणाऱ्या आजोबांना नातवंडे मनगटापर्यंत हात कसे धुवायचे ते शिकवू लागली!

हात धुण्यावरचे हसू नेहमीच असे निरागस नव्हते. 1847 साली व्हिएन्नाच्या इस्पितळात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रसूतीपूर्वी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही अनेक डॉक्टरांना आपले हात रोग पसरवतात, हे मान्य करणे अपमानाचे वाटले. 1865 साली सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात वारले. तिथे मोठी माणसे हात धुवायला सांगणाऱ्याला हसली आणि त्याची किंमत बाळंतिणींनी मोजली.

आता आपल्या जालन्याकडे येऊ. 2020 साली राज्याचे आरोग्यमंत्री असलेले राजेश टोपे याच जिल्ह्यातल्या घनसावंगीचे आमदार होते. पण 2012-13 च्या दुष्काळात टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या या जिल्ह्याला वीस सेकंदांचा हिशेब वेगळाच लागला. शाळा बंद होत्या. मोबाइलवर तास घेताना मी हात धुण्याचा धडा दिला, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, हात तो धो लेते, मगर नल को पानी कब आता?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर सुचेना.

याच शहरात निजामशाहीच्या काळात जमशेदखानाने काळी मस्जिद, सराय आणि हमाम बांधले. मोती तलाव खोदून जमिनीखालच्या नळांनी त्याचे पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणले. स्वच्छतेचा उपदेश करण्याआधी पाणी पोहोचवावे लागते, हे त्याला ठाऊक असावे.

आणि पाणी थोडे असले तर? प्रेषित हजरत मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत, अशी हदीस आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. विज्ञानही याच्या आड येत नाही. विषाणूचे चरबीचे आवरण साबण फोडतो. त्यासाठी वीस सेकंद हात चोळायचे असतात, नळ सोडून ठेवायचा नसतो. हात भिजवावेत, तोटी बंद करावी, चोळावेत आणि शेवटी ओंजळभर पाण्याने धुवावेत.

पुढच्या तासाला मी मुलांना एवढेच सांगितले. त्या मुलाचा प्रश्न मात्र मुलांसाठी नव्हता. तो आपल्या मोठ्यांसाठी आहे आणि अजून शिल्लक आहे.