आहार, अवयवहानी व वनौषधी : खानदेशच्या संदर्भातील प्राणिप्रयोगांचा इतिहास

अन्नघटक, अन्नातून शरीरात जाणारी विषे आणि वनस्पतींचे अर्क यांचा यकृत, वृक्क (मूत्रपिंड), स्वादुपिंड, हृदय इ. अवयवांवर काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या साहाय्याने तपासण्याच्या संशोधनाला भारतात सु. शंभर वर्षांचा इतिहास आहे. जळगाव व धुळे या जिल्ह्यांचा, म्हणजे खानदेशचा, या संशोधनाशी दुहेरी संबंध येतो. येथील शेतकऱ्याच्या ताटातील ज्वारी व भुईमूग यांविषयीचे महत्त्वाचे प्रयोग कुन्नूर व हैदराबाद येथे झाले. तर सातपुड्यातील व शेताच्या बांधावरील वनस्पतींच्या अर्कांवरील प्रयोग विसाव्या शतकाच्या अखेरीपासून खुद्द खानदेशातील प्रयोगशाळांत होऊ लागले. या दोन्ही टप्प्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. अवयवाला होणारी हानी केवळ विषावर अवलंबून नसते. ती विष घेणाऱ्या प्राण्याच्या आहारावर आणि औषध विषापूर्वी दिले की नंतर, यावरही अवलंबून असते.

प्रदेश व आहार : तापी आणि तिच्या गिरणा, पांझरा, बोरी इ. उपनद्यांच्या खोऱ्यात हा प्रदेश मोडतो. ब्रिटिश अमदानीतील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले. तेच पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. ज्वारी व बाजरी ही येथील परंपरागत मुख्य धान्ये होत. ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी हे येथील वैशिष्ट्यपूर्ण अन्न आहे. डाळी, शेंगदाणे, मिरची व तेल यांचा वापर सढळ असतो. सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासींच्या आहारात ज्वारीबरोबर मक्यालाही स्थान आहे.

कुन्नूर येथील आरंभ : रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी पहिल्या महायुद्धानंतर निलगिरीतील कुन्नूर येथे आहारविषयक संशोधन सुरू केले. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील आहारांची तुलना करण्यासाठी त्यांनी पांढऱ्या उंदरांचे गट करून प्रत्येक गटाला एकेका समाजाच्या नेहमीच्या आहाराप्रमाणे अन्न दिले. या प्रयोगाच्या शेवटी शीख आहारावरील उंदरांचे सरासरी वजन २३५ ग्रॅ., मराठा आहारावरील उंदरांचे २२५ ग्रॅ. आणि भातप्रधान मद्रासी आहारावरील उंदरांचे १५५ ग्रॅ. भरले. शीख व पठाण यांच्या खालोखाल मराठा आहाराचा क्रमांक लागला. दूध, भाजीपाला व पूर्णधान्य यांचे प्रमाण जसजसे कमी होत गेले, तसतशी वाढ खुंटत गेली. मॅककॅरिसन यांनी १९३६ मध्ये लंडन येथे दिलेल्या व्याख्यानांत या निष्कर्षांचा विस्ताराने परामर्श घेतला. ‘मराठा आहार’ ही त्यांनी केलेली ढोबळ कोटी होती; कोकणातील, देशावरील व खानदेशातील आहारांचा भेद तीत नव्हता. तरीही माणसाच्या ताटातील अन्न जसेच्या तसे प्राण्याला देऊन त्याची परीक्षा करण्याची पद्धत येथून रूढ झाली. कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली आणि १९६९ मध्ये तिला ‘राष्ट्रीय पोषण संस्था’ हे नाव मिळाले.

ज्वारी व पेलाग्रा : उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळे चट्टे, अतिसार व मानसिक विकार ही पेलाग्रा या रोगाची लक्षणे होत. निकोटिनिक अम्ल या जीवनसत्त्वाच्या न्यूनतेमुळे तो होतो. मका खाणाऱ्यांचा रोग म्हणून तो जगभर परिचित होता. मात्र दख्खनच्या पठारावर तो ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत आढळला. सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये या कोड्याचे एक उत्तर सुचविले. ज्वारीच्या प्रथिनात ल्यूसीन या ॲमिनो अम्लाचे प्रमाण फार असते व त्यामुळे शरीरातील निकोटिनिक अम्लाच्या चयापचयात अडथळा येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे हैदराबाद येथे कुत्र्यांना अधिक ल्यूसीन असलेला आहार दिला असता त्यांच्यात ‘काळी जीभ’ हा पेलाग्राशी समकक्ष विकार उत्पन्न झाला. अन्यत्र उंदरांवर केलेल्या प्रयोगांत मात्र हा परिणाम सर्वत्र मिळाला नाही. मूळ आहारात निकोटिनिक अम्ल, ट्रिप्टोफेन व ब६ जीवनसत्त्व किती आहे, यावर फलित बदलत असे. या वादाचा व्यावहारिक अर्थ असा की, दोष एकट्या ज्वारीचा नसून ज्वारीखेरीज ताटात दुसरे काही नसण्याचा आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन कमी असते, तर उडदात ते भरपूर असते. कळण्याच्या भाकरीत ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

भुईमूग व यकृत : विसाव्या शतकात भुईमूग हे खानदेशातील महत्त्वाचे नगदी पीक बनले व त्यावर आधारित तेलगिरण्या निघाल्या. इंग्लंडमध्ये १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी यकृताच्या विकाराने मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढलेली होती. तिच्यापासून मिळालेल्या विषास ‘ॲफ्लाटॉक्सिन’ हे नाव देण्यात आले. शेंगा काढणीच्या वेळी भिजल्या किंवा ओलसर जागी साठविल्या म्हणजे ही बुरशी वाढते. घाण्यातून निघाल्यावर विषाचा मोठा भाग तेलात न जाता पेंडीत राहतो आणि पेंड खाणाऱ्या जनावरांच्या दुधात त्याचा अंश उतरतो.

भुईमुगाचे पीठ कुपोषित मुलांना पूरक अन्न म्हणून देण्याचा विचार त्या काळी देशात चालू होता. त्यामुळे हा प्रश्न भारतात निकडीचा ठरला. टी. व्ही. माधवन व गोपालन यांनी उंदरांना कमी (५ टक्के) व पुरेसे (२० टक्के) प्रथिन असलेले आहार देऊन ॲफ्लाटॉक्सिनाचा परिणाम तपासला. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात प्रथिन कमी मिळालेल्या उंदरांच्या यकृताची तत्काळ हानी अधिक झाली. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ मुदतीच्या प्रयोगात मात्र चित्र उलटले. पुरेसे प्रथिन मिळालेल्या उंदरांत यकृताचा कर्करोग झाला. अल्पप्रथिन गटातील जे उंदीर शेवटपर्यंत जगले, त्यांच्यात तो झाला नाही. अल्पप्रथिन गटातील बरेच उंदीर त्यापूर्वीच मेले होते. तेव्हा कमी प्रथिन हिताचे, असा निष्कर्ष यातून निघत नाही. एकच विष दोन आहारांवर दोन वेगळे रोग घडविते, एवढेच यातून सिद्ध होते.

हे विष माणसासही प्राणघातक ठरते, याचा प्रत्यय पश्चिम भारतातील भिल्ल प्रदेशात आला. गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत १९७४ च्या अखेरीस अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन ३९७ व्यक्तींना कावीळ व जलोदर झाला. त्यांपैकी १०६ दगावल्या. घरातील अन्नावर वाढलेली कुत्रीही त्याच विकाराने मेली. प्रयोगशाळेत जे उंदरांत दिसले होते, त्याचेच हे मानवी प्रतिरूप होते.

आहार व विष यांच्या संबंधाचा उलगडा : कार्बन टेट्राक्लोराइड या रसायनाने यकृतपेशी मरतात, म्हणून यकृतहानीच्या प्रयोगांत ते सर्रास वापरले जाते. मात्र ते मूळ स्वरूपात फारसे घातक नसते. यकृतातील एंझाइमे त्याचे रूपांतर अत्यंत क्रियाशील मुक्त मूलकात करतात व हे मूलक पेशींचा नाश करते. ए. ई. एम. मॅकलीन व ई. के. मॅकलीन यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की, प्रथिनहीन आहारावरील उंदरांत ही एंझाइमे घटतात व ते या विषापासून बचावतात. त्याच उंदरांना डीडीटी दिल्यास एंझाइमे वाढतात व विष पुन्हा बाधते. पॅरासिटामॉलची जादा मात्राही अशाच प्रकारे यकृतात विषारी रूप धारण करते. वनौषधींच्या परीक्षणाच्या दृष्टीने या शोधाचे महत्त्व मोठे आहे. एखादा अर्क विषापूर्वी काही दिवस दिला आणि त्याने ही एंझाइमे दडपली, तर यकृत वाचते व अर्क ‘यकृतरक्षक’ ठरतो. प्रत्यक्षात त्याने केवळ विष तयार होऊ दिलेले नसते. रुग्ण वैद्याकडे येतो तो यकृत बिघडल्यानंतर. त्याला अशा अर्काचा उपयोग होईलच, असे नाही.

गुळवेलीचे उदाहरण : गुळवेल ही खानदेशात कडुनिंबावर व कुंपणांवर चढलेली सर्वत्र दिसते. काविळीवर व तापावर तिचा उपयोग आयुर्वेदात व लोकवैद्यकात परंपरेने केला जातो. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात व केईएम रुग्णालयात शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिच्यावर केलेले संशोधन प्राण्याकडून रुग्णाकडे कसे जावे, याचा नमुना ठरले. उंदरांची पित्तनलिका बांधून कावीळ उत्पन्न केली असता त्यांची रोगप्रतिकारक्षमता खालावते व जंतुसंसर्गाने ते लवकर मरतात; गुळवेल दिल्यास मरणाऱ्यांचे प्रमाण घटते, असे प्रथम आढळले. त्यानंतर अवरोधजन्य काविळीच्या ३० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी घेण्यात आली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार गुळवेल मिळालेल्या गटात शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण बरेच अधिक होते. ही चाचणी लहान होती. पण प्रश्न नेमका होता आणि रोग अगोदर झालेला होता.

कोव्हिड-१९ च्या साथीत हीच वनस्पती प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी निरोगी माणसेही दीर्घकाळ घेऊ लागली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा व्यक्तींत यकृतदाह आढळल्याचे यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. देशातील १३ केंद्रांतील अशा ४३ रुग्णांचा अहवाल २०२२ मध्ये आला. त्यांपैकी अनेकांत स्वप्रतिरक्षी विकाराची लक्षणे होती. केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षास हरकत घेऊन, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जाती वापरली गेली असण्याची शक्यता मांडली. वाद कसाही असला, तरी उंदरात यकृत वाचविणारी वनस्पती प्रत्येक माणसात, कोणत्याही मात्रेत व कितीही काळ निर्धोक राहील, असे गृहीत धरता येत नाही, हे यातून दिसून आले.

खानदेशातील प्रयोगशाळा : जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय १९४५ मध्ये स्थापन झाले. १९४९ नंतर खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाल्यावर स्थानिक पदव्युत्तर संशोधनास चालना मिळाली. या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. धुळे जिल्ह्यात शिरपूर येथे आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय १९९२ मध्ये सुरू झाले व औषधक्रियाविज्ञानाचे ते या भागातील एक केंद्र बनले. अशा महाविद्यालयांतील कामाची रीत बहुधा ठरलेली असते. वनस्पतीची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पटवून घेतात. तिची पूड पाण्यात किंवा अल्कोहॉलात मुरवून अर्क काढतात. विस्टार जातीच्या उंदरांचे गट करून एकाला केवळ विष, दुसऱ्याला विष व अर्क, तिसऱ्याला विष व ज्ञात औषध देतात. रक्तातील एंझाइमांची पातळी मोजून व ऊतकांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निष्कर्ष काढतात. स्वादुपिंडासाठी ॲलोक्सन, वृक्कासाठी सिस्प्लॅटिन व हृदयासाठी आयसोप्रोटेरेनॉल ही द्रव्ये याच हेतूने वापरली जातात.

मात्रेच्या बाबतीतही सावधगिरी लागते. उंदरास शरीरभाराच्या दर किग्रॅ.ला २०० मिग्रॅ. अर्क दिल्यास माणसासाठी त्याची सममूल्य मात्रा दर किग्रॅ.ला सु. ३२ मिग्रॅ. येते, म्हणजे ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस सु. २ ग्रॅ. अर्क. सुक्या वनस्पतीतून दहा टक्के अर्क निघत असल्यास त्यासाठी रोज २० ग्रॅ. वनस्पती लागेल. यावरून काढ्याच्या घोटाशी प्रयोगाची तुलना करणे किती कठीण आहे, ते लक्षात येते.

कायदा व प्राण्यांचे रक्षण : प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० मध्ये संमत झाला. त्याखालील १९९८ च्या नियमांनुसार प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थांना नोंदणी करणे व संस्थात्मक नैतिकता समितीची पूर्वसंमती घेणे बंधनकारक झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये महाविद्यालयीन अभ्यासक्रमातून प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्यास सांगितले. शक्य तेथे पर्यायी पद्धती वापराव्यात, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवावी व त्यांच्या वेदना कमी कराव्यात, ही त्रिसूत्री आता सर्वमान्य आहे. ज्या प्रयोगाचे उत्तर आधीच ठाऊक आहे, तो केवळ वनस्पती बदलून पुन्हा करणे या कसोटीवर टिकत नाही.

मूल्यमापन : मॅककॅरिसन यांनी माणसाचे अन्न पिंजऱ्यात नेले होते. आजच्या प्रयोगांतील उंदीर सर्व घटकांनी परिपूर्ण असे तयार गोळीखाद्य खातात, तर ज्याच्यासाठी औषध शोधावयाचे तो माणूस भाकरी, मिरची व कधी बुरशी लागलेला दाणा खातो. आहार बदलला की विषाची बाधा बदलते, हे ॲफ्लाटॉक्सिन व कार्बन टेट्राक्लोराइड यांवरील प्रयोगांनी दाखविले आहे. त्यामुळे खानदेशातील आहारावर वाढविलेल्या प्राण्यांत, हानी झाल्यानंतर अर्क देऊन व त्याची मात्रा माणसाच्या मापाने ठरवून केलेले प्रयोग अधिक उपयुक्त ठरतील. तोवर शेंगा व मका नीट वाळवून कोरड्या जागी साठविणे आणि ज्वारीला डाळीची जोड देणे, हे या शंभर वर्षांच्या संशोधनातून खानदेशच्या पदरी पडलेले सर्वांत खात्रीचे ज्ञान होय.