पिग्मीची मूठ

भिवंडीत माग चालू असलेल्या गल्लीत बोललेलं ऐकू येत नाही, खुणांवर भागवावं लागतं. संध्याकाळी पतसंस्थेचा माणूस दारात उभा राहिला की मागवाला दोन बोटं वर करतो. म्हणजे आज दोनशे. हातातल्या मशीनमधून चार बोटं लांबीची पावती निघते, ती सदऱ्याच्या खिशात जाते आणि माणूस पुढच्या चहाच्या टपरीकडे वळतो. हा पिग्मीवाला. हे नाव आलं कुठून, असं मी त्या टपरीवर विचारलं. उत्तर तयार होतं : पिगी बँक, डुकराच्या आकाराचा गल्ला!

हे उत्तर मी पुष्कळांकडून ऐकलं आहे आणि ते चूक आहे. पिग्मीचं मूळ गाव उडुपी. १९२० नंतर दक्षिण कॅनरातला हातमाग अडचणीत आला. तिथल्या विणकरांना भांडवल मिळावं म्हणून उपेंद्र पै, वामन कुडवा आणि डॉ. टी. एम. ए. पै यांनी १९२५ मध्ये आठ हजार रुपयांवर कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट काढली. तीच पुढे सिंडिकेट बँक झाली. १९२८ मध्ये तिने दारोदार जाऊन रोज दोन आण्यांपासून ठेव गोळा करायला सुरुवात केली आणि त्या ठेवीला नाव दिलं पिग्मी. आज यंत्रमागाच्या भिवंडीत रोज फिरणारा शब्द हातमागवाल्यांसाठी काढलेल्या बँकेत जन्मला, हे कळलं त्या दिवसापासून तो माझ्या डोक्यातून गेला नाही.

पिग्मी म्हणजे बुटका. ठेव बुटकी म्हणून पिग्मी, इथवर सरळ आहे. पण शब्दाच्या आणखी मागे जा. ग्रीक भाषेत ‘पिग्मे’ म्हणजे मूठ, आणि कोपरापासून मिटलेल्या मुठीपर्यंतचं मापही. तेवढ्या उंचीची, करकोच्यांशी लढणारी माणसं होमरच्या काव्यात आहेत. त्यांच्यावरून शब्द इंग्रजीत गेला. आता आपला अमरकोश उघडा. कोपरापासून मिटलेल्या मुठीपर्यंतच्या मापाला त्यात ‘रत्नि’ म्हटलं आहे. म्हणजे ‘पिग्मे’चा अचूक संस्कृत प्रतिशब्द आपल्याकडे पूर्वीपासून होता. आणि हे माप हाताच्या घराण्यातलं, ज्या हाताने आपल्याकडे कापड मोजत आले. उडुपीच्या मंडळींनी नाव ठेवताना एवढा विचार केला असेल असं मी म्हणत नाही. त्यांना ‘लहान’ एवढंच सांगायचं असणार. तरीही विणकरांच्या ठेवीला कोपर-मुठीच्या मापाचं नाव लागलं, हा योग मला विलक्षण वाटतो.

दुसरा दावा अधिक वजनदार आहे : पिग्मी ही भिशीचीच लेक. भिवंडीत या दाव्याला वेगळीच गंमत येते, कारण इथे ‘बिशी’ म्हटलं की परप्रांतीय मागकामगार महिन्याच्या बोलीवर जेवतात ती खानावळ. गुजरातीत ‘वीशी’ म्हणजे खानावळच. माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी वीस हा आकडा आहे : वीस जणांचं ताट, वीस जणांची वर्गणी. पण पिग्मी त्यातली नव्हे. भिशीत चिठ्ठी निघते, पाळी येते. पिग्मीत ज्याचं त्याचं खातं. भिशीची खरी वारस पिग्मी नसून पतसंस्थाच आहे, कारण ओळखीच्यांचा पैसा ओळखीच्यांच्या जामिनावर फिरवायची रीत तिने उचलली.

१९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा, १९६० चा महाराष्ट्राचा सहकार कायदा, ही वाट सर्वांना ठाऊक आहे. भिवंडीतल्या छोट्या मागवाल्याचं गणित मात्र सांगायला हवं. व्यापारी सूत देतो, हा मजुरीवर कापड विणून देतो. मजुरीचं बिल हाती पडायला वेळ लागतो. कारागिराचा पगार आणि विजेचं बिल थांबत नाही. त्यात मोटर जळाली तर माग उभा! बँक कागद मागते. पतसंस्थेकडे त्याचा कागद आधीच असतो : रोज दोनशेप्रमाणे वर्षाचे ७३,००० रुपये, आणि कोणत्या आठवड्यात हात आखडला त्याची तारीखवार नोंद. तो सभासद होतो, भाग घेतो, पिग्मी तारण ठेवून कर्ज उचलतो. टपरीवाला त्याच वाटेने फ्रीज घेतो, मागाच्या कांड्या भरणारी बाई शिलाई मशीन. पिग्मीचं खातं ही अशा माणसांची पत लिहून ठेवणारी वही आहे, असं माझं ठाम मत आहे.

उडुपीहून ही रीत इथवर आणली ती मुंबईतल्या कानडी हॉटेलवाल्यांनी आणि त्यांच्या बँकेने, हा माझा तर्क. संध्याकाळी गल्ला मोजणाऱ्या हॉटेलवाल्याला याहून सोयीची ठेव नव्हती, आणि त्याचं बघून शेजारच्या दुकानदाराने ती धरली असणार.

पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं ठेव विम्याचं संरक्षण नसतं. म्हणून पावत्या फेकू नका, महिन्याला एकदा पासबुकाशी ताडून पाहा. आणि मशीन येण्याआधीची, शाईने आकडे भरलेली पिग्मीची कार्डं घरात कुठे सापडली तर रद्दीत घालू नका. त्यांच्यावरची पहिली तारीख बघा आणि जपून ठेवा.