लोखंडी रंध्याचं गोत्र

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली की नळाच्या तोट्या, पान्हे आणि बंद पडलेले मिक्सर यांच्या ढिगात एखादा लोखंडी रंधा दिसतोच. मुंबईच्या चोरबाजारातही तेच. गिऱ्हाईक बहुधा पातं बघतं, धारेवरून अंगठा फिरवतं आणि भाव विचारतं. माझं मत उलट आहे. पातं सगळ्यात शेवटी बघावं. आधी ते काढून बाजूला ठेवावं आणि आतला ओतीव सांगाडा उजेडात धरावा. रंध्याचं कूळ तिथे कळतं, आणि ते बॉस्टनच्या लेनर्ड बेली नावाच्या माणसापर्यंत जाऊन पोचतं.

रंधा तसा फार प्राचीन. पाँपेईच्या राखेतून लोखंडी तळाचे रोमन रंधे निघाले आहेत. पण पुढे शेकडो वर्षं सुताराच्या हाती राहिला तो लाकडी ठोकळा. त्यात पातं पाचरीने आवळलेलं असायचं. ते केसभर खाली घ्यायचं तर मागून हातोडीची टिचकी द्यायची, वर घ्यायचं तर ठोकळ्यावर ठोकायचं. टिचकी जरा जोरात बसली की पातं लाकडात रुतायचं, मग पाचर सोडवून पहिल्यापासून सुरुवात. मुरलेल्या हाताला हे सहज जमतं. नवशिक्याचा दिवस मात्र त्यातच जायचा. 1827 मध्ये कनेक्टिकटच्या हॅझर्ड नोल्सने ओतीव लोखंडाच्या रंध्याचं पेटंट घेतलं, पण पाचर काही सुटली नाही.

ती सोडवली बेलीने. 6 ऑगस्ट 1867 च्या त्याच्या पेटंटातली युक्ती आजही बहुतेक लोखंडी रंध्यांत दिसते. पात्यामागे आडव्या स्क्रूवर एक छोटं पितळी चाक असतं. ते बोटाने फिरवलं की दोन फाट्यांचा एक लोखंडी तुकडा हलतो आणि त्याचं वरचं टोक पात्याला पुढे किंवा मागे ढकलतं. रंधा हातातून खालीही ठेवावा लागत नाही. लाकडावर चालवता चालवता चाक जरासं फिरवावं, की कागदासारखा पातळ छिलका निघू लागतो. हातोडीचं काम एका बोटावर आलं. मला हा शोध सुतारकामातल्या थोर शोधांपैकी एक वाटतो.

1869 मध्ये न्यू ब्रिटन इथल्या स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने बेलीचा धंदा विकत घेतला. साडेपाच इंची 1 नंबरपासून दोन फुटी 8 नंबरपर्यंतची मापं तेव्हापासून रुळली. आपल्याकडे हाती लागतात ते बहुधा नऊ इंची 4 नंबर आणि चौदा इंची 5 नंबर. बेलीचं कंपनीशी फार काळ जमलं नाही. काही वर्षांत बाहेर पडून त्याने ‘व्हिक्टर’ नावाचे स्वतःचे रंधे काढले, शेवटी तेही स्टॅन्लीकडेच गेले. 1902 च्या सुमारास रंध्याच्या पुढच्या टोकाशी ‘बेली’ ही अक्षरं ओतायला सुरुवात झाली. तेव्हा तो हयात होता, पण त्या कारखान्याशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. हे वाचल्यापासून ती अक्षरं बोटाखाली आली की मला वाईट वाटतं.

वय ओळखायच्या खुणा तिथून पुढे सुरू होतात. पात्याच्या बैठकीमागे तीन पेटंट-तारखा ओतलेल्या असतील आणि शेवटची 1910 ची असेल, तर रंधा साधारण पहिल्या महायुद्धाच्या काळातला. पुढची मूठ बुटकी असेल तर तो 1920 च्या आधीचा असण्याची शक्यता जास्त. नंतर ती उंच झाली. पातं दाबून धरणाऱ्या कॅपमधलं भोक आधी किल्लीच्या भोकासारखं होतं, 1933 पासून ते मूत्रपिंडाच्या आकाराचं झालं. मुठी रोझवुडच्या, म्हणजे आपल्या शिसवीच्या ब्राझिलियन भाऊबंदाच्या. चाक पितळेऐवजी काळ्या कडक रबराचं निघालं, तर तो दुसऱ्या महायुद्धातला. पितळ तेव्हा काडतुसांकडे वळलं होतं.

पण यातली एकच खूण बघून निकाल देऊ नये. पातं झिजलं की बदलतात, मूठ फुटली की दुसऱ्याची बसवतात, कॅप तर सर्रास अदलाबदल होते. जुन्या बाजारातला रंधा बऱ्याचदा तीन-चार रंध्यांचा मिळून झालेला असतो. म्हणून साक्ष धरायची ती सांगाड्याची. ओतकाम कुणी बदलत नाही.

आपल्याकडच्या ढिगात माझ्या पाहण्यात अमेरिकेपेक्षा इंग्लंडचाच माल जास्त येतो. शेफील्डच्या ‘रेकॉर्ड’ने 1930 च्या सुमारास याच घडणीचे रंधे काढले आणि नंबरही तेच ठेवले, फक्त पुढे शून्य लावलं: 04, 05. स्टॅन्लीनेही 1937 मध्ये शेफील्डमध्ये कारखाना घेतला, म्हणून ‘मेड इन इंग्लंड’ लिहिलेला स्टॅन्ली दिसला की नकली समजून टाकून देऊ नका.

पैसे देण्याआधी मात्र रंधा उपडा करून तोंडापाशी आणि बाजूच्या भिंतींवर नख फिरवा. ओतीव लोखंड ठिसूळ, जमिनीवर पडलं की तडकतं. गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने निघतो, तडा निघत नाही. कुठे पिवळसर रेघ दिसली तर तिथे पितळेचा झाळ मारलाय असं समजा आणि भाव निम्म्यावर आणा.