दाखल्यांच्या मोजणीची कुळकथा

पालघरपासून पुण्यापर्यंत प्राध्यापकांच्या बायोडेटात आता ‘सायटेशन’ आणि ‘एच-इंडेक्स’ सर्रास दिसतात. आपल्या लेखाचा दाखला इतरांनी किती वेळा दिला, त्याची ही मोजदाद. तिचा जन्म मात्र वकिलांच्या कचेरीतला.

1873 मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्डने डिंक लावलेल्या चिठ्ठ्या विकायला काढल्या. वकिलांनी त्या निवाड्यांच्या ग्रंथात, समासात चिकटवायच्या. त्या निवाड्याचा दाखला पुढे कोणत्या खटल्यांत दिला गेला, ते चिठ्ठीवर असे. पुढे त्याची सूची झाली, तीत खुणेची अक्षरं आली: वरच्या कोर्टाने निवाडा उचलून धरला, फिरवला, की ‘हे प्रकरण वेगळं’ म्हणून बाजूला ठेवला. रद्द झालेल्या निवाड्यावर युक्तिवाद उभा करणं वकिलाला परवडणारं नव्हतं.

ही पद्धत विज्ञानाला लावावी, हे माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्डला शेपर्डच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या विल्यम अ‍ॅडेरने सुचवलं. गारफिल्डने 1955 मध्ये ‘सायन्स’मध्ये लेख लिहिला, 1960 च्या दशकात विज्ञानाची सूची काढली, पुढच्या दशकात सामाजिक शास्त्रांची. 2005 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी एच-इंडेक्स मांडला: दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा दाखले, तर आकडा दहा. खुणेची अक्षरं मात्र वाटेतच गळाली. माझ्या मते सगळं नुकसान तिथेच झालं.

पुण्याचंच उदाहरण घ्या. गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दारिद्र्यावर लिहिलं. रोज माणशी 2250 उष्मांक मिळतील एवढाही खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, ही त्यांची दारिद्र्याची रेघ. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी अशा सरसकट आकड्यालाच हरकत घेतली. एकाच माणसाचं खाणं दिवसागणिक कमीजास्त होतं. सरासरीखाली गेला म्हणून तो कुपोषित ठरत नाही. दांडेकरांनी उत्तरं दिली, वाद चांगलाच रंगला. भूक मोजायची कशी, हे त्यातून कितीतरी लोक शिकले. मोजणीत मात्र असा मुळावर येणारा आक्षेपही एक, आणि तळटीपेत सवयीने टाकलेला दाखलाही एकच.

सहलेखनाची मोजणीही अशीच आंधळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांत दोघांच्या लेखाचे 70 टक्के गुण प्रत्येकाला. दोघांहून जास्त असले, तर प्रमुख लेखकाला 70 आणि बाकी प्रत्येकाला 30. पण पालघर जिल्ह्यातल्या बोईसरच्या कंत्राटी मजुरीवर, किंवा विक्रमगडकडून वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांवर अभ्यास करायचा, तर वारली बोलणारी, पाड्यापाड्यांत ओळख असलेली माणसं बरोबर लागतात. त्यांच्याशिवाय प्रश्नावलीचं पहिलं पानसुद्धा भरत नाही. त्यांची नावं बहुधा आभारात येतात, आणि आभाराला गुण नाहीत. हाच अभ्यास मराठीत, समजा ‘अर्थसंवाद’ त्रैमासिकात छापला, तर जागतिक सूच्यांना तो दिसणंही कठीण. मग पंचायत समितीत त्यावर चर्चा झाली, तरी लेखकाच्या नावावर एकही दाखला चढत नाही.