पूर्णेची गाडी आणि मेळघाटचा वाघ

पूर्णा जंक्शन हें नांव परभणी जिल्ह्याबाहेरील वाचकांस आज फारसें परिचित असेल असें वाटत नाहीं. परंतु एक काळ असा होता कीं, जयपूर आणि काचीगुडा यांच्यामध्यें धांवणारी मीनाक्षी एक्स्प्रेस येथें थांबे. अजमेरच्या उरुसास जाणारे, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यास येणारे, राजस्थानांतील आपल्या गांवीं निघालेले व्यापारी, अशी सारी गर्दी या फलाटावर उतरे. उत्तरेच्या व दक्षिणेच्या मीटरगेज मार्गांस जोडणारा जो धागा देशाच्या मध्यांतून गेला होता, त्याची एक गांठ आमच्या या लहानशा गांवीं बसलेली होती. हाच धागा पुढें मेळघाटच्या अरण्यांतून जात असे. त्या अरण्यांतून गाडी जावी कीं न जावी, याविषयीं गेल्या कांहीं वर्षांत जो कलह झाला, त्याची हकीकत येथें सांगण्याचा विचार आहे. आम्ही परभणीकर, म्हणजे या कज्जांतील एक पक्षकार, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

मनमाडाहून परभणी-पूर्णेवरून हैदराबादेकडे जाणारा मार्ग निजामाच्या राज्यांत 1900 च्या सुमारास झाला. पूर्णेहून हिंगोलीस जाणारा फांटा 1912 सालीं निघाला व तो तेथेंच थबकला. कारण पुढें वऱ्हाड होता, आणि वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभारांत होता. दोन राजवटींच्या सीमेवर रूळ असे अडून बसत. स्वातंत्र्य मिळालें, 1948 सालीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें, आणि मग 1960 च्या आगेमागे हिंगोलीपासून अकोल्यावरून खांडव्यापर्यंतचा सांधा पुरा झाला. एक मौज सांगण्यासारखी आहे. आमची पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून गोदावरीस मिळते. वऱ्हाडची पूर्णा सातपुड्यांतून निघून तापीस मिळते. या दोन सख्ख्या नांवांच्या पण परक्या नद्यांची खोरीं या मार्गानें एकमेकांस जोडलीं.

अकोटच्या पुढें सातपुडा चढावयाचा, तर वान नदीच्या खोऱ्यांतून शिरण्यावांचून सोपी वाट नव्हती. धूळघाटाजवळ रुळांनीं स्वतःलाच वळसा घालून, म्हणजे आपल्याच डोक्यावरून जाऊन, उंची गांठली. अभियंत्यांची ही करामत पाहण्यास प्रवासी खिडक्यांतून माना बाहेर काढीत. त्या वेळीं अरण्यास कोणीं कांहीं विचारलें नाहीं, आणि विचारावें असा कायदाही नव्हता. मेळघाटचें अभयारण्य 1967 सालीं झालें. 1973 सालीं व्याघ्रप्रकल्प निघाला तेव्हां देशांतील पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाटची गणना झाली. वान अभयारण्य तर 1997 सालचें. रूळ आधींचे आणि अभयारण्य मागाहूनचें, हा रेल्वेच्या कैवाऱ्यांचा मुद्दा, आणि तो खोटा नाहीं. मात्र तो थोडा आणखी मागें नेला तर उलटा पडतो. हिंदुस्थानांत वनखातें 1864 सालीं स्थापन झालें, त्याच्या मुळाशीं रुळांखालच्या लांकडी आडव्या फळ्यांची, म्हणजे स्लीपरांची गरज हें एक मोठें कारण होतें. रेल्वेनें जंगलें खाल्लीं, म्हणून जंगलें राखण्याची बुद्धि सरकारास झाली. वन आणि रूळ यांचें नातें असें जुनें आहे.

मीटरगेजच्या काळांत हें नातें कसेंबसें निभावलें. रुळांतील अंतर एक मीटर, गाड्या थोड्या व हळू. घाटांत तर त्यांची गति बैलगाडीची आठवण करून देई. जंगलांतील कोरकू वस्त्यांस बाजार, दवाखाना आणि कचेरी यांच्याशीं जोडणारें तेंच एक वाहन होतें. पुढें 1992 पासून साऱ्या देशांतील रूळ एकाच मापाचे, 1676 मिलिमीटरांचे, करण्याचें धोरण आलें. मराठवाड्यास ब्रॉडगेज मिळावी म्हणून गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या वृद्ध स्वातंत्र्यसैनिकांनीं चळवळ केली, हें आमच्या पिढीस चांगलें ठाऊक आहे. पूर्णा ते अकोला हा भाग 2008 सालीं ब्रॉडगेज झाला. उरला अकोला ते खांडवा, सुमारें 175 किलोमीटर. आणि त्यांतले जवळजवळ 40 किलोमीटर व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दींतले. येथें गाडें अडलें. 2017 च्या आरंभीं जुनी छोटी गाडीही बंद झाली. आज पूर्णेहून खांडव्यास जाणें म्हणजे अकोल्याहून भुसावळास जाऊन पुन्हां उत्तरेस वळणें. अकोल्यापुढें हें अंतर सुमारें 265 किलोमीटर भरतें.

वनपक्षाचें म्हणणें असें कीं, रूळ जुने असले तरी गाडी नवी येणार आहे. ब्रॉडगेज म्हणजे वेग, रात्रंदिवस मालगाड्या, आणि वळणें सरळ करण्यासाठीं डोंगरांत नवें खोदकाम. या भीतीस पुरावा नव्हता असें नाहीं. उत्तर बंगालमध्यें सिलीगुडी-अलीपूरद्वार हा वनांतून जाणारा मार्ग 2004 सालीं ब्रॉडगेज झाला, आणि त्यानंतर तेथें गाडीखालीं सांपडून मरणाऱ्या हत्तींची संख्या पूर्वीच्या मानानें फार वाढली. आपल्याच प्रांतांत चंद्रपुराजवळ 2018 च्या नोव्हेंबरांत वाघाचे तीन बछडे एका गाडीखालीं मेले. मेळघाटांत वाघ, गवा, अस्वल हे आहेतच. शिवाय शंभराहून अधिक वर्षें नामशेष समजला गेलेला आणि 1997 सालीं शहाद्याजवळ पुन्हां आढळलेला रानपिंगळा हा पक्षीही येथें राहतो.

आमच्या पक्षाचें म्हणणें काय? एवढेंच कीं मराठवाड्याच्या वांट्यास लोहमार्ग आधींच थोडा आला. जो आहे तो तरी तोडूं नये. ही तक्रार रास्त आहे. परंतु तिच्या पाठीशीं एक उदासीनताही आहे, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. परभणी जिल्ह्यांत काळी जमीन उदंड, कापूस, ज्वारी व आतां सोयाबीन उदंड. वन म्हणून पाहुण्यास दाखवावें असें जवळजवळ कांहीं उरलेलें नाहीं. ज्यांच्या शिवारांतलें रान आजोबांच्या काळींच नांगराखालीं गेलें, त्यांस दुसऱ्याच्या रानाविषयीं बेफिकीर बोलणें सोपें जातें.

या वादांत आम्हांस सर्वांत अधिक खटकलेली गोष्ट मात्र निराळीच आहे. वाघास निवांतपणा मिळावा म्हणून मेळघाटांतील बोरी, कोहा, कुंड यांसारखीं कोरकूंचीं गांवें उठवून सपाटीवर आणून वसविण्यांत आलीं. 2019 च्या जानेवारींत पुनर्वसित गांवांतील कांहीं आदिवासी मोबदल्याच्या व जमिनीच्या तक्रारी घेऊन पुन्हां जंगलांत परतले, वनरक्षकांशीं झटापट झाली आणि दोन्ही बाजूंचीं माणसें जखमी झालीं. ज्या अरण्यांतून माणसाची झोपडी अडचण म्हणून काढली, त्याच अरण्यांतून मालगाडी मात्र सोय म्हणून न्यावयाची, याचा उलगडा त्या कोरकू म्हाताऱ्यास कोण करून देणार होतें?

परदेशांतही असे तंटे आहेत, आणि ते याहून फार मोठे आहेत. अमेरिकेच्या अलास्का प्रांतांत उत्तर किनाऱ्यावर 1968 सालीं तेलाचा प्रचंड सांठा सांपडला. तें तेल दक्षिणेकडील बंदरास नेण्यासाठीं सुमारें 1300 किलोमीटर लांबीची नळी 1977 सालीं सुरू झाली. कॅरिबू जातीच्या हरणांच्या कळपांस आडवें येऊं नये म्हणून ती ठिकठिकाणीं उंच खांबांवरून नेलेली आहे. शेजारच्या राखीव प्राणिभूमीच्या किनारी मैदानांत विहिरी खणाव्या कीं नाहीं, हा प्रश्न 1980 च्या कायद्यानें पुढें ढकलला, आणि त्यावर पुढें चार दशकांहून अधिक काळ भांडण चाललें. तेथेंही कॅरिबूवर जगणारे ग्विचिन लोक एकीकडे आणि तेलाच्या उत्पन्नावर शाळा-दवाखाने उभे राहिलेले पाहणारे किनाऱ्यावरील पुष्कळसे इनुपियात लोक दुसरीकडे, असें स्थानिकांतच दुमत आहे. तेलाची खाण मात्र हलवितां येत नाहीं. जेथें तेल तेथेंच विहीर. लोहमार्गाचें तसें नाहीं. तो वळवितां येतो. मेळघाटचा वाद त्यामुळेंच मुळांत सुटण्याजोगा होता, आणि "वाघ कीं माणूस" अशी त्याची मांडणी करणाऱ्यांनीं दोन्ही बाजूंनीं विनाकारण वर्षें दवडलीं.

वळणाची वाट सुचविलेलीच होती. अकोटहून पश्चिमेस हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूनें जाऊन जंगलाच्या बाहेरून तुकईथडास पोंचावयाचें. अंतर सुमारें 30 किलोमीटरांनीं वाढतें. पण बुलढाणा जिल्ह्यांतील ज्या गांवांनीं दारांत कधीं रूळ पाहिला नाहीं, तीं मार्गावर येतात. देहरादूनच्या वन्यजीव संस्थेचा कौल याच बाजूस होता. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेलें. 2020 सालीं मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीं बाहेरचा मार्ग घ्यावा म्हणून केंद्रास लिहिलें, आणि अखेर रेल्वेनें तो पत्करला. अकोला ते अकोट गाडी 2022 च्या नोव्हेंबरांत सुरू झाली. त्यापुढच्या कामास मात्र जमीन हवी, आणि ती जमीन सोनाळा-जामोदकडील शेतकऱ्यांची आहे. वाघाची वाट राखतांना त्यांच्या सातबाऱ्यास हात लागणार, हें विसरतां कामा नये.

आम्हांस हा निर्णय योग्य वाटतो. वळसा घेऊनही अकोला-खांडवा अंतर 205 किलोमीटरांच्या आसपास राहील, म्हणजे भुसावळच्या वाटेपेक्षां 60 किलोमीटर कमीच. आमची हरकत एकाच गोष्टीस आहे. रेल्वेचें भाडें किलोमीटरांवर आकारतात. मेळघाट साऱ्या देशाचा ठेवा म्हणून राखला, तर त्या 30 किलोमीटरांचें भाडें पूर्णेचा हमाल आणि हिंगोलीची म्हातारी यांनींच प्रत्येक तिकिटास कां भरावें? कोंकण रेल्वेवर बांधकामाचा खर्च वसूल करण्यासाठीं प्रत्यक्षापेक्षां अधिक किलोमीटर धरून भाडें आकारण्याची वहिवाट पडली. तशाच हिशेबानें येथें प्रत्यक्षापेक्षां 30 किलोमीटर कमी धरून, जुन्या मार्गाचेंच अंतर तिकिटावर छापावें. कोष्टकांतील एक आंकडा बदलावयाचा, इतकेंच तें काम आहे.