बंब आणि वर्दी

कर्वेनगरातून मुठेच्या काठाने शहराकडे निघाले की थोड्याच अंतरावर एरंडवणे लागते. तेथे महापालिकेच्या कै. केशवराव जगताप अग्निशमन केंद्रात आग विझवण्याच्या जुन्या साधनांचे संग्रहालय आहे. तलवारी आणि तोफा जपण्याची आपणांस हौस फार. बंबही जपण्यासारखा आहे असे एखाद्या महापालिकेस वाटावे, ही गोष्ट मला मोलाची वाटते. शब्दही मोठा गमतीचा आहे. घरातला बंब पाणी तापवतो, रस्त्यावरचा आग विझवतो!

परंतु आज मला पितळी नळ्यांविषयी बोलावयाचे नाही. आग लागली असता हुकूम कोणाचा, हा माझा प्रश्न आहे.

पेशवाईत पुण्याचा कोतवाल चोरही धरी आणि बाजार व रस्तेही पाही; सारा कारभार एका हाती. इंग्रजी अमलात मुंबईतही आरंभी तसेच झाले. १८०३ साली कोटातील मोठा भाग आगीत खाक झाला, तरी बंबखान्याची काही व्यवस्था झाली ती १८५५ मध्ये, आणि तीही पोलिसांच्या हाताखाली. घोड्यांचे बंबही आले. पुढे १ एप्रिल १८८७ पासून हे काम कायद्याने महापालिकेकडे गेले आणि शिपायाचा व बंबवाल्याचा संसार वेगळा झाला. भाषेत मात्र तो अजून एकत्र आहे. पोलिसाच्या अंगावर असते ती वर्दी, चौकीवर देतात ती वर्दी, आणि आगीची खबर येते तीही वर्दीच.

हा संसार वेगळा झाला ते योग्यच झाले. आगीचे शास्त्र निराळे, त्यास निराळी माणसे हवीत. पण मोठ्या संकटात एका जागी चार खाती जमतात, तेव्हा काय होते? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या गासड्या! धक्क्यावर कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, लष्कराचा दारूगोळा जाणणारा अधिकारी होता, बंबवाले होते. कोणी म्हणे जहाज बुडवा, कोणी म्हणे बाहेर न्या. सल्ला सर्वांपाशी होता. सर्वांनी मानावा असा हुकूम कोणापाशीच नव्हता. बंबवाले तेवढे पाणी मारीत राहिले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो त्यांच्यासाठी.

आपल्या पुण्यालाही हा प्रश्न चुकला नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, मागोमाग खडकवासल्याचा बांध गेला, आणि याच मुठेने नदीकाठच्या पेठा बुडविल्या. वेळेवर पक्की सूचना मिळाली नाही, ही पुणेकरांची तक्रार पुढे कित्येक वर्षे राहिली.

बंब पाहून मुले हरखतात, हरखोत बापडी. पण मोठ्यांसाठी त्या बंबाशेजारी, जेथे जेथे सापडतील तेथून आणून, वर्दीच्या जुन्या वह्या उघड्या मांडाव्यात. खबर किती वाजता आली, कोणी घेतली, कोण निघाले, कोण परतले नाही. आणि हुकूम कोणी दिला.